मोमोसेबाईंच्या मागचा माणूस

मोमोसे हात्सुएबाईंनी मात्सुमोतो शहरातल्या एका मोठ्या दुकानात अठ्ठावीस वर्षं चोर पकडले. गणवेश नाही, शिट्टी नाही. हातात टोपली घेऊन गिऱ्हाइकासारखं हिंडायचं आणि कोण कोटात काय सरकवतंय ते बघायचं. तोंडाकडे बघूच नका, हाताकडे बघा, असं त्या नव्या पोरींना शिकवायच्या. एवढ्या वर्षांत आपण एकदाही भलत्याला धरलं नाही, हा त्यांचा तोरा, आणि तो खराही होता. पण दुकान सुटलं तरी नजर काही सुटली नाही. घरी आलेल्या जावयाच्याही हाताकडे बघायच्या. लेक वैतागायची, "आई, साखर घेतोय गं तो, चोरत नाहीये!" शेवटी बाई एकट्याच डोंगरात जायला लागल्या. तिथे कोण काय चोरणार?

त्या दिवशी सकाळी सहाला, डोंगर चढणाऱ्यांच्या मुक्कामासाठी असलेल्या खालच्या निवाऱ्यातून निघताना, बुटाची नाडी बांधत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आज वरच्या निवाऱ्यावर मुक्काम का?"

"अजून ठरलं नाही," बाई म्हणाल्या. धडधडीत खोटं. निवाऱ्याच्या वहीत आदल्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. पण एकट्या बाईनं परक्याला आपला मुक्काम का म्हणून सांगावा?

तासाभरानं धारेवर चढून वळून बघतात, तर म्हातारा मागे. हाकेच्या अंतरावर.

आता डोंगरात मागचा माणूस जवळ आला, की पुढच्यानं वाट सोडून कडेला व्हायचं, "या, पुढे व्हा" म्हणायचं, आणि त्यानं आभार मानून पुढे निघून जायचं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे. बाई कडेला झाल्या.

"या ना, पुढे व्हा!"

म्हाताऱ्यानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि होता तिथेच दगडावर टेकला. "नको, नको. तुम्ही चला."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पठ्ठ्या पाणी प्यायला लागला. बाई निघाल्या की हा निघायचा, थांबल्या की थांबायचा. मग बाईंनी त्याचे हात पाहिले. एक हात काठीनं खडक चाचपत होता, दुसरा सारखा छातीवरच्या खिशाकडे जात होता. खिशात काहीतरी आहे मेल्याच्या, आणि ते पडू नये, दिसू नये अशी याची धडपड चाललीय.

अकराच्या सुमारास दरीतून धुकं वर चढलं. मागचा माणूस दिसेनासा झाला, पण खडकावर आपटणारी त्याची काठी ऐकू येत होती. अस्वलं लांब राहावीत म्हणून बाईंच्या सॅकला बांधलेली घंटी खणखणत होती. हिच्यामुळेच तर आपला माग लागतोय! वाटेला दोन फाटे फुटतात तिथे बाईंनी घंटीत हातमोजा कोंबला आणि वरच्या फाट्यानं जवळजवळ धावत सुटल्या. एक वेळ अस्वल परवडलं.

वरच्या निवाऱ्याचे मालक अरुगा दारातच उभे होते. "लवकर आलात, मोमोसेबाई! मागे कुणी आहे का? एक त्सुबोई म्हणून गृहस्थ यायचेत, एकटेच."

म्हणजे इथलीच जागा धरलीय यानं! "कुणी नाही दिसलं बाई मला," त्या म्हणाल्या, आणि गरम चहा घेऊन शेगडीपाशी ऐसपैस बसल्या. कसा गंडवला! या वयातही नजर शाबूत होती म्हणायची.

तीन वाजून गेले. अरुगा खालच्या निवाऱ्याशी फोनवर बोलू लागले. "परत नाही आले? काय? चष्म्याशिवाय? अरे, मग हे आत्ता सांगतोस मला?"

"कसला चष्मा?" बाईंनी विचारलं.

"त्सुबोईंचा. काल घसरून पडले तेव्हा फुटला. चार हातांपलीकडे काही दिसत नाही त्यांना. तुकडे खिशात घालून फिरतायत. खालच्या निवाऱ्याचा माणूस म्हणाला, त्या बाईंना सांगतो, सोबत नेतील. तर म्हणे, नको, बाई एकट्या चालायला आल्यात, त्यांना कशाला माझं लोढणं? त्यांची घंटी ऐकत लांबून जाईन." अरुगांनी बूट चढवायला घेतले. "पण तुम्हाला दिसलेच नाहीत, म्हणजे निघाल्यानिघाल्याच कुठेतरी चुकलेत. खालून माणसं निघतायत, तिकडेच शोधतील."

बाई गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. आणि माणसं भलतीकडे शोधत राहिली असती.

"अरुगा, मी खोटं बोलले. ते फाट्यापर्यंत माझ्या मागे होते. घंटी मी मुद्दाम बंद केली."

अरुगांनी दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. "चला मग," ते म्हणाले. "खोटं बोलायला डोकं चाललं, तसे आता पायही चालवा."

त्सुबोई फाट्याच्या जरा खाली बसलेले सापडले, घंटी गप्प झाली तेव्हा होते तिथेच. अंगावर रेनकोट, ओठ निळे पडलेले, घसा पार बसलेला.

"आवाज थांबला," ते कुडकुडत म्हणाले, "म्हटलं बाई डबा खायला बसल्या असतील. उगाच जवळ कशाला जायचं? म्हणून थांबलो. मग वाटलं, पडल्याबिडल्या की काय? दिसत तर काही नव्हतं. म्हणून हाका मारत बसलो. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी तुम्हाला चोर समजले!" बाई म्हणाल्या. "म्हणून मीच पळाले!"

"असं होय? मग माझंच चुकलं. एकट्या बाईच्या मागे असं चालू नये. फार त्रास दिला तुम्हाला. माफ करा."

बाईंनी त्यांचा गारठलेला हात आपल्या सॅकच्या पट्ट्यावर ठेवला आणि चढायला सुरुवात केली. दर दहा पावलांना मागून, "माफ करा हं." शेवटी बाई रडवेल्या होऊन खेकसल्या, "अहो, एक तरी शिवी द्या ना मला!"

त्सुबोई थांबले, त्यांनी जरा विचार केला, आणि एवढंही जमत नाही म्हणून पुन्हा माफी मागितली.