ऊन लागलेला बर्फ

केदारनाथला मी भक्तीने गेले नव्हते, भांडायला गेले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची सहा वर्षांची लेक तापाने गेली आणि नागपुरातल्या धरमपेठेतली येईल ती बाई मला सांगू लागली, देवाची मर्जी. काहून, का नेली तिला, ते मग त्याच्याच तोंडून ऐकू, म्हणून मे महिन्यात नवऱ्याला घेऊन मी निघाले.

शेवटच्या चढणीवर डोंगरउतारावरून घसरून आलेल्या बर्फाचा पट्टा वाटेत आडवा पसरला होता. बाकीची यात्रेकरू मंडळी तो पहाटेच ओलांडून गेली होती. मीच हट्ट धरला, थंडीत कशाला कुडकुडायचं, ऊन वर येऊ दे. नागपुरात वैशाखात अकराच्या आत कामं उरकून दारं लावून बसणारी मी, तिथे मात्र उन्हाला सोबती समजले.

पट्ट्याच्या तोंडाशी एक म्हातारी मेंढपाळीण वाट अडवून बसली होती. तिने बर्फात काठी रोवली. वरचा पापुद्रा मोडून काठी अर्धीअधिक आत गेली, बाहेर काढली तर पाणी ठिबकत होतं.

"धूप लग गई. अब ऊपर की बर्फ नहीं रुकेगी. कल सुबह जाना."

"हटो अम्मा, मेरे को आजच जाना है."

"थांब वं," नवरा म्हणाला. "काठी पाहून नाही राहिली काय?"

"देवाले मले न्यायचं असन तं नेऊ दे."

मी पाऊल टाकलं. म्हातारीने बसल्या जागेवरून माझा पदर मुठीत धरला. मी हिसडा दिला, पदर टर्रकन फाटला, तरी तिने सोडला नाही. तेवढ्यात वर काहीतरी गडगडलं आणि ओला, जड बर्फ खाली आला. समोरची पावलांची वाट दिसेनाशी झाली. मी तिच्या शेजारीच बसले.

देवच म्हातारीच्या रूपात आला, असं शेजारणी म्हणतात. दुसऱ्या पहाटे, रात्रभर गोठून टणक झालेला बर्फ ओलांडायला आम्ही निघालो, तेव्हा मी तिला मेंढ्यांना शिव्या घालताना पाहिलं. ती बाईच होती.

मंदिरात मी विचारलंच, काहून? माझं भांडण आजही मिटलेलं नाही, आणि मिटवायची मला घाईही नाही. पण ते फाटकं लुगडं मी शिवलं नाही. रोज देवापुढे बसताना तेच नेसते आणि एवढ्यापुरती मान तुकवते, की त्या दिवशी माझ्या हट्टापेक्षा त्याने धाडलेली मूठ घट्ट होती.