आमच्या घराखालची विहीर

अकोल्यातला आमचा भाग आता इतका पसरला आहे की नवा रिक्षावाला त्यात दोनदा तरी चुकतो. बागेच्या फाटकाशी या भागाच्या इतिहासाचा फलक लावायचं ठरलं आणि मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, म्हणून मजकूर माझ्या गळ्यात पडला. अडलं एकाच ठिकाणी: इथं आधी कोण आलं?

बेकरीचे सिंधी मालक म्हणाले, "लिहा सर, आमची भट्टी पहिली. बाकी नुसता चिखल होता." मी लिहिलं. शेजारच्या टेलरचाचांनी ते वाचलं आणि गळ्यातला टेप काढून ठेवला. "भट्टी पेटली त्या दिवशी यांच्या अंगात जो सदरा होता, तो माझ्या मशीनवर शिवला होता. याच दुकानात." मी खोडलं. मग अचलपूरहून येऊन इथं स्थायिक झालेले वकीलसाहेब जुने कागद घेऊन आले. त्या कागदांत हे दोघंही नव्हते.

चौथ्या दिवशी तिघं माझ्या ओट्यावर वाद घालत बसले होते. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या.

"कावून भांडून राहिले रे?"

मी सांगितलं.

"तुमी सारे माह्या सासऱ्याच्या पऱ्हाटीत राहून राहिले," आजी म्हणाल्या. "कापसाचं वावर होतं हे."

वकीलसाहेबांनी पुरावा मागितला.

"पुरावा पायजे? चाला."

आजी थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. बायको पोळ्या लाटत होती. सिंकखालच्या फरशीवर काठी आपटून आजी म्हणाल्या, "इथं आमची विहीर होती. बुजवली तवा मी नवी नवरी होती."

बायकोनं लाटणं खाली ठेवलं. त्या कोपऱ्यातली ओल घालवायला आम्ही तीन गवंडी बदलले होते.

"म्हणजे यांनी मला विहिरीवर आणून बसवलं," ती माझ्याकडे बोट दाखवत वकीलसाहेबांना म्हणाली. त्यांनी कागद पिशवीत घातले.

"मग आजी, फलकावर काय लिहायचं?" चाचांनी विचारलं.

"लिवा, इथं कापूस होता. मंग मानसं आली."

यावर कुणालाच हरकत घेता येईना. पेंटरनं तेवढंच रंगवलं.

आता चाचा आपली गिऱ्हाइकं विहीर पाहायला आमच्याकडे पाठवतात. बायको त्यांना कौतुकानं आत नेते, कोपरा दाखवते आणि प्लॉट पसंत करायला मी एकटाच कसा आलो होतो, ते सविस्तर सांगते.