हशाची जागा

भिंगरीला पाठांतर कधी जमलं नाही. शाळेच्या नाटकात राजाचा दूत झाला आणि राजालाच निरोप विचारून परत आला. पुढे गॅरेजवरच्या एका खोलीत त्याच्यासारख्याच चार रिकामटेकड्यांची मंडळी जमली. लिहिलेलं काही नाही. प्रेक्षकांनी शब्द ओरडायचा आणि यांनी उभ्या उभ्या त्यावर नाटुकलं रचायचं. पहिल्या रांगेतून ओरडायला त्याची आई हजर. बाई शिवणकाम करणारी, शब्दही तसलेच. "अस्तर!" ती ओरडे. "चालेल!" म्हणून भिंगरी कोटाशी भांडून निघालेलं अस्तर होई आणि असा फणकारे, की आई हसता हसता खुर्चीवरून घसरे.

मग टीव्हीवाल्यांची मेहेरनजर झाली. त्यांनी त्याला बायकोला घाबरणारा नवरा केला आणि दर भागाला एकच वाक्य दिलं, "अगं, पण मी केलं काय?" दिग्दर्शकाने कानमंत्र दिला, "वाक्य झालं की थांबायचं. हशाची जागा सोड. हसू आम्ही मागाहून भरतो."

भिंगरी थांबायला शिकला आणि नशीब फळफळलं. रस्त्यात लोक त्याचंच वाक्य त्यालाच ऐकवू लागले. साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. घरी "मीठ कमी आहे" म्हणूनसुद्धा ते थांबू लागले.

"घास अडकला का रे?" आई घाबरून पाणी पुढे करी.

कार्यक्रम ती न चुकता बघे, शिलाई मशीन बंद ठेवून. पण हसत नसे. "चांगला असतो हं," म्हणे. हे 'चांगला' त्याच्या जिव्हारी लागे. सगळ्या जगाने डोक्यावर घेतलं होतं, पण त्याला हसायला हवी होती ती हीच बाई.

शेवटी तो तिला घेऊन जुन्या खोलीत गेला. "आज तुला हसवतोच!" खोली खच्चून भरली होती.

"अस्तर!" आई ओरडली.

"चालेल!" भिंगरी म्हणाला, आणि पुढे काही सुचेना. चित्रीकरणात दाखवत तसा कुणी वाक्याचा कागद दाखवतंय का, म्हणून त्याने बाजूला पाहिलं. अखेर म्हणाला, "अगं, पण मी केलं काय?" आणि सवयीने थांबला.

लोक गप्प. हे तर ते घरबसल्या रोज ऐकत होते.

तेवढ्यात आई हसली. सोडलेल्या जागेत, बरोबर मापात, आणि टीव्हीतल्या हशासारखी एकदम थांबली. खुर्चीवरून घसरली नाही. भिंगरीला रडू फुटायचंच बाकी होतं. लेकाला कधी न जमलेलं पाठांतर आईने केलं होतं.