तपकीर आणि शिंगाळ्याच्या मिशा

दिनानाथ पहिल्यांदा खाडीकाठच्या दिघीला आला तो माझ्या शाळेच्या पडवीत पत्र्याच्या दोन पसरट टाक्या मांडायला, आणि माझं डोकंच फिरलं. तळा गावच्या भातशेतकऱ्याचा मुलगा, मुंबईच्या कॉलेजात शिकवायला लागलेला, आणि इथे येऊन करणार काय, तर मासे पाळणार! मी म्हणालो, "सुटी आहे म्हणून जागा देतो. वास सुटला तर टाक्या खाडीत."

वास सुटला, टाक्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. १९२९ पासून सलग तीन उन्हाळे तो आला. त्याच्यावर चिडता चिडता मी त्याच्याच बाजूचा कधी झालो, मलाही कळलं नाही.

त्याचा मासा शिंगाळा. गढूळ पाण्यात राहणारा, लांब मिशांचा. हा मासा मिशीने चव घेतो, हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी आधीच दाखवलं होतं. मिशीच्या कातडीत बारीक पेशी असतात, त्यांना चव भिडली की त्या मज्जातंतूतून मेंदूला निरोप धाडतात आणि मासा तिकडे वळतो. दिनानाथचा प्रश्न त्याच्या पुढचा होता.

"गुरुजी, चव पेशीत नेमकी शिरते कुठून? तिला दार असणार. आणि दार असेल तर ते अडवता येईल, पुन्हा मोकळंही करता येईल. तेवढं दाखवलं की जिंकलो."

दार अडवायला त्याने काय काय लावून पाहिलं! तुरटी, लिंबू, क्विनीन. एकतर मिशीला काहीच होत नसे, नाहीतर मासाच उलटा होई. मासे काशी कोळीण आणून द्यायची. शिंगाळ्याचा काटा विषारी, त्यामुळे टाकीत हात तिचाच. कोलंबीच्या रसात भिजवलेले कापसाचे बोळेही तीच करी; बोळा मिशीला लागला की मासा वळून झडप घाली. दिनानाथ नुसता बघायचा, लिहायचा आणि दर घटकेला तपकीर ओढायचा. ही सवय बापाची, तीही तळ्याहूनच आलेली.

तिसऱ्या वर्षी कॉलेजातले मोठे प्राध्यापक स्वतः आले. त्यांनी आल्या आल्याच सांगितलं, "आज काही दाखवलंत तर ठीक. नाहीतर कॉलेजातली तुमची खोली आणि सूक्ष्मदर्शक मी दुसऱ्याला देतो." सूक्ष्मदर्शक गेला की संशोधन संपलं. दिनानाथच्या कपाळावर घाम, बोटांत तपकिरीची चिमूट. काशी अजून बाजारातून आली नव्हती, म्हणून बोळे त्याने स्वतःच वळले.

बोळा मिशीला लावला. मासा ढिम्म. दुसरा मासा, तोही ढिम्म. तीन वर्षांत एकदाही न चुकलेली गोष्ट आज चुकली. प्राध्यापकांनी घड्याळ काढलं. खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणारी त्यांची परतीची होडी सुटायला अर्धा तास होता. मला तर त्या माशांना तिथेच कापावंसं वाटलं.

तेवढ्यात काशी आली. तिने बोळा उचलून हुंगला आणि कपाळावर हात मारला.

"अरं पोरा, तपकिरीच्या हातानं आमिष केलंस व्हय? आमच्यात मिश्रीचा हात गळाला लावीत न्हाय. मी मिश्री उजव्या हातानं लावतंय, आमिष डाव्या हातानं. तंबाखू लागली की शिंगाळ्याची मिशी झोपते."

"झोपते?" दिनानाथ जागच्या जागी उभा राहिला. "मरत नाही ना?"

"न्हाय रे! चांगल्या पाण्यात सोड, घटकेनं जागी व्हते."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. तीन वर्षं हा गृहस्थ जे शोधत होता, ते त्याच्याच नाकात होतं.

त्याने हात साबणाने खसखसून धुतले. नवा मासा घेतला आणि पिसाने त्याच्या फक्त डाव्या मिशीला तपकिरीचं पाणी लावलं. बोळे या वेळी काशीने वळले, डाव्या हाताने. उजव्या मिशीला बोळा लागताच मासा गर्रकन वळून त्यावर तुटून पडला. डाव्या मिशीला लावला, काही नाही. पुन्हा उजवीला, पुन्हा झडप.

मग टाकीतलं पाणी बदललं आणि आम्ही चौघं वाट बघत बसलो. धक्क्यावर होडी सुटल्याची हाळी आली. प्राध्यापकांनी मानसुद्धा वर केली नाही. घटका झाली तशी काशीने बोळा हळूच डाव्या मिशीला टेकवला, आणि मासा वळला!

दिनानाथ ओरडला. मीही ओरडलो, माझ्या वयाला न शोभेलसा. प्राध्यापक ओल्या पडवीत धोतरासकट गुडघ्यावर बसले होते. ते म्हणाले, "खोली तुमची. आता हे पुन्हा दाखवा." त्या दिवशी आम्ही ते सात वेळा पाहिलं.

पुढच्या वर्षी निबंध छापून आला. 'दिघीच्या काशीबाईंच्या हातामुळे हे कळलं' असं त्यात दिनानाथने स्पष्ट लिहिलं होतं. मी ती ओळ तिला मराठीत करून वाचून दाखवली. काशीने आपला डावा हात उलटासुलटा करून नीट पाहिला.

"तीन वरसं हितं बसलावता," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी मला इचारायला काय झालंवतं?"