राजेळीची शेवटची कुपी

दुपारचे अडीच वाजलेत. डबा खाऊन झालाय, पंखा घरघरतोय, आणि हेमांगीचं डोकं प्रयोगशाळेच्या टेबलावर कधी टेकतं ते तिलाही कळत नाही. द्रव नायट्रोजनच्या टाकीत राजेळी केळीच्या पेशींची एकच कुपी उरली आहे. अकरा वर्षांपूर्वी तिच्या गुरू मोघेबाईंनी स्वतःच्या हातानं गोठवलेली. ज्या बागेतून त्या पेशी घेतल्या ती रोगानं बसली, बाईही गेल्या. आधीच्या दोन कुप्या हेमांगीनं वितळवल्या, त्यांतल्या पेशी काळ्या पडल्या.

"जेवलीस?" समोरच्या स्टुलावरून बाई विचारतात. चष्म्याची दांडी तशीच दोऱ्यानं बांधलेली. हेमांगीला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं. किती वर्षांत तिला कुणी जेवणाचं विचारलेलं नाही.

"बाई, जिवंत बाहेर येतात आणि चौथ्या दिवशी मरतात हो."

"बाहेर काढल्यावर काय केलंस?"

"तीनदा स्वच्छ धुतल्या. दिव्याखाली ठेवल्या. रोज काढून बघत होते, फोटो पाठवायचे असतात ना वर."

"शाबास!" म्हणत बाई उठतात आणि शीतपेटीचं दार उघडतात. आत बाळंतिणीची खोली आहे. खिडकीला गोधडी, शेगडीवर ओव्याची धुरी, आणि बाजेवर ओळीनं निजवलेल्या काचेच्या बश्या.

"मरणाच्या दारातून परत आलीय ती," बाई कुजबुजतात. "तिला आल्या आल्या खसाखसा न्हाऊ घालतेस? उजेडात बसवून गावाला दाखवतेस?"

"मग काय करू?"

"गोठवताना दिलेलं साखरपाणी अंगावर राहू दे, धुऊ नकोस. अंधार कर. आणि डोकावू नकोस. तुला राहवत नाही, ठाऊक आहे मला. मलाही राहवत नसे."

"किती दिवस?"

"बाराव्या दिवशी बारसं. तेव्हा बघ. टेबलाचा खालचा खण उघड."

"बाई, थांबा ना थोडं."

पंखा बंद पडतो, त्या शांततेनं हेमांगीला जाग येते. खालचा खण उघडा आहे आणि तिच्या मांडीवर काळी खोळ आहे, संक्रांतीच्या जुन्या साडीची, बश्यांच्या पेटीवर नेमकी बसेल अशी. तिला ओव्याचा वास येतोय. खोळ तोंडाशी धरून ती पोटभर रडून घेते.

मग ती कॅलेंडरवर बारावा दिवस मोजते, त्या चौकोनात 'बारसं' लिहिते आणि शेवटची कुपी वितळवण्यासाठी कोमट पाणी ठेवायला उठते.