ढोमणे साहेबांच्या अहवालातली ओळ

आदरणीय प्रभाकरराव ढोमणे साहेबांची आणि माझी पहिली भेट साइटस्क्रीनजवळ झाली. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू फलंदाजाला नीट दिसावा म्हणून सीमारेषेपलीकडे जो मोठा पांढरा पडदा उभा करतात, तो हा. गोलंदाजाने बाजू बदलली की पडदा ढकलावा लागतो. नागपूरच्या मैदानावर ते काम मी नोकरीभर केलं. उत्तरेकडचा पडदा माझा.

त्या दिवशी क्लबचा साधा सामना होता. साहेब तेव्हा पोस्टात कारकून होते आणि सुटीच्या दिवशी पंचगिरी करायचे. सामन्याच्या तासभर आधी ते सायकलवरून आले, पडद्यापाशी गेले आणि त्यांनी तो स्वतः ढकलून पाहिला. पंचाने पडद्याला हात लावलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी मागे येऊन माझ्या स्टुलावर बसून बघितलं.

"इथून काय दिसते गा तुले?"

"दिसत काईच नाई साहेब. ऐकू मात्र सगळं येते."

ते हसले. "मंग तं तू आमच्याहून बरा. आमाले दिसते तेवढंच." त्यांनी माझं नाव विचारलं आणि त्या दिवसापासून मला देवराव म्हणू लागले. बाकी सगळ्यांसाठी मी 'ए पडदेवाला' होतो.

साहेबांच्या पंचगिरीबद्दल जाणकारांनी या गौरवग्रंथात लिहिलं असेल. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण एक गोष्ट त्यांनी मला शिकवली ती सांगतो. एका सामन्यात चेंडू बॅटला चाटून यष्टिरक्षकाच्या हातात गेला असं आवाजावरून मला वाटलं. कोणी ओरडलं नाही, साहेब तसेच उभे राहिले, खेळ पुढे चालू झाला. चहाच्या वेळी मी भीत भीत विचारलं.

"साहेब, मघाशी बॅट लागली होती का जी?"

"लागली होती."

"मंग आउट काहून नाई देलं?"

"कोणी विचारलंच नाई गा. विचारल्याबिगर पंचाले देता येत नाई."

मला हे विचित्र वाटलं. समोर दिसतं आहे, माहीत आहे, तरी गप्प राहायचं. साहेब म्हणाले, नियमच तसा आहे. अपील झाल्याशिवाय निकाल नाही.

चुकीचा निकाल दिला तर मात्र ते स्वतःला सोडत नसत. काटोलच्या एका फलंदाजाला त्यांनी पायचीत दिलं. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की चेंडू पायाला लागण्याआधी बॅटला लागला होता. तो आवाज त्यांना उशिरा आठवला, असं ते म्हणत. पुढच्या रविवारी ते एसटीने काटोलला गेले. मला सोबत नेलं, कारण त्या खेळाडूचं घर मला ठाऊक होतं. तो संत्र्याच्या बाजारात पेट्या भरत होता. साहेबांनी सगळ्या व्यापाऱ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी तू आउट नव्हता. चूक माही होती."

तो गोंधळला. "एवढ्यासाठी आले का जी तुमी? मी तं विसरूनही गेलो."

"मी नाई विसरलो ना."

त्याने पिशवीभर संत्री पुढे केली. साहेबांनी घेतली नाहीत. हा मुलगा अजून लीगमध्ये खेळतो, उद्या पुन्हा माझ्यासमोर उभा राहील, असं म्हणाले. तेवढ्यात तिथेच संत्री निवडत बसलेल्या त्याच्या आईने एक संत्रं सोलून हातावर ठेवलं. ते मात्र त्यांनी खाल्लं. परतीच्या बसमध्ये मला विचारत होते, "सोललेलं वापस कसं करू, सांग?" नागपूर येईपर्यंत त्यांचा हाच विचार चालला होता.

आता मी मुद्द्यावर येतो. विलासरावांनी, म्हणजे या ग्रंथाच्या संपादकांनी, मला हा विषय टाळायला सांगितलं होतं. ते स्वतः पंच आहेत, साहेबांच्या हाताखाली तयार झालेले, आणि साहेबांवर त्यांचा जीव आहे. म्हणाले, "देवरावभाऊ, चांगल्या आठवणी लिहा. क्रिकेट संघटनेचे लोक सत्काराच्या मंचावर असतील. साहेबांना या वयात त्रास नको." त्यांचं म्हणणं मला पटलंही. दोनदा कागद फाडले. रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली की एकदाच, ते आठवेना. शेवटी बायको म्हणाली, "अवो, लिहून टाका ना एकदाचं. मले किती वर्सांपासून सांगून राहिले. आता त्यायले सांगा." म्हणून लिहितो.

आपल्या मैदानावर पाच दिवसांचा आंतरराष्ट्रीय सामना होता. साहेब चौथे पंच होते. चौथे पंच मैदानाबाहेर बसतात. नवा चेंडू आत नेणं, बाहेरचं काही बघायचं असलं तर बघून येणं, ही त्यांची कामं. नागपूरच्या माणसाला हा मान मिळाला म्हणून आम्हा कामगारांना फार आनंद झाला होता. साहेबांनी नवीन काळी पॅन्ट शिवली होती. सकाळी येऊन त्यांनी सवयीप्रमाणे पडदा ढकलून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्या संघातला एक उंच, कृष्णवर्णीय गोलंदाज माझ्या पडद्याशेजारी सीमारेषेवर उभा होता. पडद्याच्या बाजूलाच निमंत्रितांच्या खुर्च्या होत्या. तिथून कोणीतरी माकडाचा आवाज काढला आणि पाठोपाठ आपल्या भाषेत एक शब्द ओरडला. तो शब्द मी इथे लिहीत नाही. थोड्या वेळाने पुन्हा. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी आजूबाजूचे हसले. मी फटीतून पाहिलं. पांढरी टोपी घातलेला माणूस होता, एका पदाधिकाऱ्याचा पाहुणा. सकाळी त्याच पदाधिकाऱ्याने त्याला आणून बसवलेलं मी पाहिलं होतं.

त्या खेळाडूने मागे वळून पाहिलं नाही. त्याची मान मात्र ताठ झाली. षटक संपल्यावर तो मैदानावरच्या पंचांकडे गेला, आणि त्यांनी साहेबांना पाठवलं. साहेब सीमारेषेला वळसा घालून थेट माझ्याकडे आले.

"देवराव, ऐकलं का गा काही?"

"हो साहेब. तीनदा." मी शब्द सांगितला, टोपी सांगितली, कोणासोबत आला तेही सांगितलं. साहेब त्या खुर्च्यांकडे गेले तर तो माणूस उठून गेला होता.

असे शब्द आमच्या घराला नवे नव्हते. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ती असे शब्द आपल्या लेकरांना ऐकावे लागू नयेत म्हणूनही. त्यामुळे त्या खेळाडूच्या मानेत काय झालं असेल, हे त्या मैदानावर मला तरी कळायला हवं होतं. कळलंही होतं.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल लिहिला. त्यात एक ओळ होती: हे शब्द उच्चारले गेल्याचं मैदानावरच्या एका कर्मचाऱ्याने मला लगेच सांगितलं. नाव लिहिलं नव्हतं.

त्या एका ओळीवर सगळं अडलं. खेळाडूला आवाज कळला होता, पण शब्द त्याच्या भाषेतला नव्हता. तो नेमका काय होता ते आपल्याच माणसाने सांगायला हवं होतं. आपल्या बाजूचे लोक म्हणू लागले की आम्हाला बदनाम करायला हा आरोप केला आहे, आम्ही तर स्वतःच गोऱ्यांचं सोसलं आहे. पाहुण्या क्रिकेट मंडळाचे लोक आधी तावातावाने बोलत होते, पण त्याच रात्री हॉटेलात दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक झाली आणि त्यांचाही आवाज खाली आला. पुढचे दौरे ठरायचे होते, कोणाच्या देशात कोणती स्पर्धा भरवायची तेही ठरायचं होतं, असं नंतर लोक बोलत. दोघांनाही प्रकरण मिटवायचं होतं. मिटत नव्हता तो साहेबांचा कागद.

तिसऱ्या दिवशी सकाळी खेळाच्या आधी चौकशी ठेवली होती. संघटनेच्या चिटणीस साहेबांनी त्याआधी पाळीपाळीने काम करणाऱ्या आम्हा चारही पडदेवाल्यांना एकेकट्याला बोलावलं. बाकी तिघांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला म्हणाले, "काय गा देवराव, तुहा कायम व्हायचा कागद माह्याच टेबलावर हाय. आता विचारलं तं काय सांगशील?" मी रोजंदारीवर होतो. तीन लेकरं होती. मी म्हटलं, "काई नाई साहेब."

आत सामनाधिकारी बसले होते, परदेशी गृहस्थ. ते इंग्रजीत विचारायचे आणि चिटणीस साहेब आम्हाला मराठीत सांगायचे. ढोमणे साहेब भिंतीशी खुर्चीवर होते. माझी पाळी आली तेव्हा मी जमिनीकडे बघून बोललो.

"वारा होता जी. जनरेटरही चालू होता. पडद्यामागं काई ऐकू येत नाई."

साहेबांना मी पहिल्या भेटीत काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं असेलच. मी मान वर केली नाही, म्हणून त्यांचा चेहरा कसा होता ते सांगू शकत नाही.

सामनाधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं की या चौघांपैकी तुम्हाला सांगणारा कोण. एक बोट उचलायचं होतं. सगळी पंचगिरी त्यांनी बोट उचलूनच केली होती. ते मराठीतच म्हणाले, "अहवालात लिहिलं तेवढं खरं आहे. त्या माणसाने मला विश्वासाने सांगितलं. नाव मी देणार नाही." मग ती ओळ मागे घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं. ते म्हणाले, "ती पण घेणार नाही."

पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद झालं. तो खेळाडू उरलेले दिवस खेळला; त्याला दुसऱ्या बाजूला उभं करत होते. साहेबांना त्यानंतर एकही आंतरराष्ट्रीय सामना मिळाला नाही. कारण कोणी कळवलं नाही, यादीत नाव येणं थांबलं एवढंच. ती काळी पॅन्ट मी पुढे क्लबच्या सामन्यांत पाहिली.

माझा कायम होण्याचा कागद काही महिन्यांनी आला. इंग्रजीत होता, सोबत भरायचा फॉर्म होता. मला इंग्रजी येत नाही. फॉर्म चुकला तर नोकरी जाईल या भीतीने दोन दिवस मी तो घडी करून खिशात ठेवला. आणि मग मी कोणाकडे गेलो असेन? पोस्टात, साहेबांच्या खिडकीवर. दुसरं कोणी माझ्या ओळखीचं नव्हतं.

त्यांनी कागद वाचला. खाली चिटणीस साहेबांची सही होती, ती त्यांनी पाहिली. मग विचारलं, "बापाचं नाव काय लिहू?" सगळा फॉर्म त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरला, माझी सही कुठे करायची तिथे बारीक खूण केली. मला राहवलं नाही.

"साहेब, तुमी रागावले का जी माह्यावर?"

"लेकरं किती तुले?"

"तीन."

"मंग." असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

त्या नोकरीवर माझी तिन्ही मुलं शिकली. थोरला आज हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मी निवृत्त झालो, रीतसर निरोप समारंभ झाला, शाल मिळाली. त्या मधल्या सगळ्या काळात साहेब प्रत्येक सामन्याआधी पडद्यापाशी येत. "चाक करकरते गा, तेल टाक." एवढंच बोलत. एकदा मी विषय काढू लागलो तर म्हणाले, "आज मॅच हाय देवराव. पयले पडदा पाह्य." त्यानंतर माझी हिंमत झाली नाही.

ज्या लोकांनी तेव्हा साहेबांना हट्टी म्हटलं, कोणी खोटारडाही म्हटलं, त्यांच्यापैकी काहीजण हा ग्रंथ वाचतील. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. उत्तरेकडच्या पडद्यामागे त्या दुपारी मी होतो. मी तीनदा ऐकलं. साहेबांना सांगणारा कर्मचारी मी, देवराव गजभिये. अहवालातली ओळ खरी होती, आणि चौकशीत मी खोटं बोललो. विलासरावांना विनंती आहे की शुद्धलेखन सुधारावं, पण एवढा मजकूर गाळू नये. गाळायचा असेल तर लेखच परत करावा. मी वाईट वाटून घेणार नाही.

समारंभाच्या दिवशी मी मागच्या रांगेत असेन. साहेबांची नजर आता कमी झाली आहे, पण कान चांगले आहेत, असं त्यांच्या सूनबाई सांगतात. त्यांनी हा लेख वाचून घ्यावा. विचारल्याशिवाय पंचाला निकाल देता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. इतकी वर्षं मी विचारलं नाही आणि म्हणून त्यांनी दिला नाही. आज विचारतो आहे. निकाल द्यायला त्यांनी हवा तेवढा वेळ घ्यावा, आणि त्यासाठी त्यांना पुष्कळ वर्षं मिळोत, गुडघे न दुखता, रोज संध्याकाळी मैदानाला एक फेरी मारता येईल अशी. फेरी मारताना उत्तरेच्या बाजूला थोडं थांबावं. मी तिथे येऊन उभा राहीन.