वडिलांच्या पाठीसाठी भंडारदऱ्याला

भंडारदऱ्याला हल्ली लोक काजवे बघायला जातात. आम्ही गेलो होतो वडिलांची पाठ घेऊन. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी कॉलेजात होते. वडिलांचं नगरला शिवणकामाचं दुकान होतं. कापडाचा गठ्ठा उचलताना उसण भरली, ती काही सुटेना. लग्नसराई तोंडावर आली आणि त्यांना मशीनवर बसता येईना. दुकान बंद म्हणजे चूल बंद. एका गिऱ्हाइकाने धरणाजवळच्या गावातल्या मालिशवाल्या आत्याबाईंचं नाव सांगितलं, तशी आईने पिशवी भरली आणि आम्ही तिघं निघालो.

एसटीने संगमनेर, तिथे गाडी बदलून अकोले, पुढे राजूर. प्रत्येक खड्ड्याला वडील कंडक्टरवर डाफरत, जणू खड्डे त्यानेच खणले होते. संगमनेरच्या स्टँडवर भेळ मात्र त्यांनी चवीने खाल्ली. राजूरच्या पुढे दोन्हीकडे भाताची कापणी चालली होती. तो ओला, गोडसर वास मला अजून हवाहवासा वाटतो.

आत्याबाईंनी तिळाच्या तेलात लसूण-ओवा कढवला, ते कोमट झाल्यावर वडिलांना पडवीत पालथं झोपवून कण्याच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी रगडल्या. वडील आधी कण्हले, मग सैलावले. आता शेवटी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीवर पाय द्यायचा. पण आत्याबाईंची पायाळू सून माहेरी गेली होती.

“तुमच्यात कुनी पायाळू न्हाई का?”

आई खाली बघत म्हणाली, “मी आहे.”

इतके दिवस माणूस कण्हतोय आणि ही गप्प! आत्याबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. आई पुटपुटली, “नवऱ्याला पाय कसा लावायचा?”

“औशीद हाय ते. ठेव पाय.”

वडील पालथेच म्हणाले, “ठेव गं.”

आईने आधी त्यांना नमस्कार केला, मग भिंत धरून हळूच टाच टेकवली.

आत्याबाईंनी पैसे घेतले नाहीत, वर नव्या तांदळाचा भात वाढला. पाठ तिथे निम्मी मोकळी झाली. बाकीची घरी, रोजच्या तेलाने आणि शेकाने. तेलाचा गुण की पायाचा, देव जाणे. वडील लग्नसराईत मशीनवर बसले, हे खरं. पुढे दर रविवारी हा कार्यक्रम चाले. आईचा नमस्कार कधीच मागे पडला होता, उलट ‘हलू नका’ म्हणून ती दटावायची.

आई गेली त्या वर्षी वडिलांची पाठ पुन्हा धरली. पायाळू बाई शोधून आणते, असं मी म्हटलं.

“तेल तू लाव,” ते म्हणाले. “पाय दुसऱ्या कुणाचा नको.”